उमाकांत कासाराची बोटं

"गऱ्हानमा मी विळीवर भाजी चिरी, बाबा. मन्हामुळेच पोरले बोटं नहीत," असं सासऱ्यांना सांगून रिना पुन्हा रडू लागली.

नंदुरबारच्या दवाखान्यात आठ दिवसांची लेक तिच्या मांडीवर झोपली होती. टाळूवर रुपयाएवढ्या जागेत कातडीच धरली नव्हती आणि डाव्या हाताची तीन बोटं पहिल्या पेरालाच थांबलेली. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच समजावलं होतं, की हा दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. डोक्यावरची कातडी आणि बोटं पोटात एकाच सुमारास घडतात. जनुकात खोट असली की दोन्हीकडे कमी पडतं, आणि ती खोट कधी एखादी पिढी लपूनही राहते. ग्रहणाचा काही संबंध नाही. हृदय ठीक आहे, जखमही भरेल. "घराण्यात आणखी कोणाला आहे का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा रिनाच्या सासऱ्याने, उमाकांत कासाराने, आपला डावा हात खिशात घातला होता.

पुढची पिढीही तशीच निघेल म्हणून तरुणपणी त्याला कोणी मुलगी देत नव्हतं. शेवटी वडिलांनीच थाप मारली, की बोटं मिरची कांडपाच्या गिरणीच्या पट्ट्यात गेली. टाळूवरचा चट्टा टोपीखाली गेला, तोही त्याच अपघाताच्या नावावर. मुलगा धडधाकट निघाला, तेव्हा उमाकांत निर्धास्त झाला. बायकांच्या हातांत बांगड्या भरता भरता त्याने त्या गोष्टीला एवढं तिखटमीठ लावलं, की गिरणीवाला अनवाणी कसा धावत आला हेही तो सांगायचा.

आता मात्र सुनेचं रडणं त्याला सोसवेना. समोर बसलेल्या बायकोकडे, पार्वतीबाईकडे, न बघता त्याने टोपी काढली.

"हाई देख, रिना. मन्हंबी असंच शे, जलमपाईन. कांडपनं समदं खोटं व्हतं. तू काहीच करेल नही, माय. हाई मन्हा घरनं शे."

रिनाने आधी त्याच्या टाळूकडे, मग लेकीच्या टाळूकडे पाहिलं. हळूहळू तिचे हुंदके थांबले, तिने लेकीला पदराखाली घेतलं.

पार्वतीबाईने त्याच्या हातातली टोपी घेतली.

"पस्तीस वरीस मी त्या गिरनीवालाले शिव्या दिन्यात," ती म्हणाली. "बिचारा."

आणि तिलाच हसू आलं.

पुढच्या आठवडी बाजाराला उमाकांत मोलगी गावाला गेला. बांगड्या भरून घेणाऱ्या एका बाईने बोटांकडे बघत, हे कसं झालं, म्हणून विचारलं. सवयीने त्याची जीभ कांडपाकडे निघालीच होती.

"जलमपाईन शे," तो म्हणाला. "मन्ही नातलेबी असंच शे."

बरं, म्हणून तिने दुसरा हात पुढे केला.