पॅकिंगची माळ

दार लागेना. वरचा मागचा कोपरा खांबाला घासून अडायचा आणि खाली मात्र बोट जाईल एवढी फट. बाबांनी दार उघडलं, पुन्हा लोटलं. पुन्हा तेच.

गाडी वयाने बाबांपेक्षाही मोठी. तिच्या पत्र्याआडचा लाकडी सांगाडा इतका कुजला होता की उतरवताना निम्मा झाडूनेच गोळा करावा लागला. दारं तेवढी धडधाकट निघाली. तीच प्रमाण धरून बाप-लेकीने नवा सांगाडा उभा केला होता. तळाच्या लांब तुळया लेकीच्या, दारांचे वाकदार खांब बाबांचे. खांबाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

पत्रा चढवायला आलेला मामा कमरेवर हात ठेवून हा सगळा प्रकार बघत होता. "भाऊजी, कशाला एवढं मनाला लावून घेता? मालकाला सांगू, दाराऐवजी पडदा लावा."

एरवी बाबांनी त्याला दोन ऐकवल्या असत्या. आज ते खांबावरून तळवा फिरवत राहिले.

"खांब चुकला," ते म्हणाले. "हात गेला माझा."

हा खांब कापून काढायचा आणि त्यानंतर आपण रंध्याला शिवायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मोठी करवत काढून ठेव, जेवून येतो, असं लेकीला बजावून ते मागच्या खोलीत गेले. मामाही खाली मान घालून त्यांच्या मागे गेला.

तिने करवत काढली नाही. आधी खांबाला साचा लावून पाहिला. कुठे केसाचंही अंतर नव्हतं. मग एक पट्टी घेऊन दोन खांबांमधलं अंतर वर मोजलं, खाली मोजलं. वर कमी भरत होतं. म्हणजे खांब होते तसेच अचूक होते, फक्त एकमेकांकडे झुकले होते. दोष खांबांत नव्हता, ते ज्यावर उभे होते त्यात होता. बॅटरी घेऊन ती गाडीखाली सरकली.

लोखंडी चासी आणि लाकडी सांगाडा यांच्यामध्ये पॅकिंग असतं, तळहाताएवढे लाकडाचे तुकडे. बघणाऱ्याला वाटावं, खडखड होऊ नये म्हणून घातलेत. पण जुनी चासी मध्ये थोडी झोळलेली असते, आणि तो झोळ या तुकड्यांच्या कमी-जास्त जाडीनेच भरून काढायचा असतो. म्हणून जुना सांगाडा उचलला की त्याखालचं पॅकिंग पुढून मागे, आहे त्या क्रमाने तारेत ओवायचं आणि ती माळ खिळ्याला टांगायची, हा या कारखान्याचा दंडक. घालून दिला होता बाबांनीच. या गाडीची माळही त्यांच्याच टेबलावरच्या खिळ्याला लटकत होती, मधले तुकडे चांगले जाडजूड.

गाडीखाली मात्र सगळे तुकडे एका जाडीचे होते. आणि ते बाबांनी स्वतः कापलेले. कापताना तिने पाहिलं होतं, पण बाबांना काय सांगायचं, म्हणून पुढे बघितलंच नव्हतं.

गाडीखाली ती तशीच पडून राहिली. मध्ये एकदा बाबांनी एका फळीच्या एकाच टोकाला हवी असलेली खाच दोन्ही टोकांना पाडून ठेवली होती. तिने त्या फळीचं मुकाट्याने स्टूल केलं आणि जागेवर नवी फळी ठेवली. बाबांना पत्ताही लागला नव्हता.

हात गेला म्हणून हा माणूस सगळं सोडायला निघाला होता. हात शाबूत आहे हे सांगायचं, तर दगा आठवण देतेय हेही सांगावं लागणार. यातलं कुठलं बाबांच्या कमी जिव्हारी लागेल, ते मोजायला तिच्याकडे पट्टी नव्हती.

बाबा आले ते करवत विचारतच.

"खांब कापायचा नाही," ती म्हणाली. "पॅकिंग चुकलंय. मी कापलं होतं, सगळं एकाच जाडीचं. जुनं झिजलंय असं वाटलं मला."

बाबांनी वर माळेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. माळ काय शोभेला टांगली होती का, इतकी वर्षं इथे नुसता भुसा झाडत होतीस का, उद्या चाकंही अंदाजाने बसवशील. मामाने त्यात तेल ओतलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. बाबांचा आवाज असा भरदार कित्येक दिवसांत लागला नव्हता.

बोल्ट सैल केले, जॅक लावला, माळेबरहुकूम नवे तुकडे कापून सारले. तुळई मध्ये हलकेच उचलली गेली आणि वर अडणारा कोपरा मोकळा झाला. बाबांनी एका बोटाने दार लोटलं. खट् करून बसलं.

"पडदा रद्द," म्हणत मामा पत्रे आणायला गेला.

बाबा स्टुलावर बसून काढलेले तुकडे गोळा करू लागले. एक उलटा केला आणि तिथेच थांबले. तुकड्याची वरची बाजू कळावी म्हणून ते पेन्सिलीने कोंबडीचा पाय काढत. त्यांची जन्माची सवय. याच्यावरही होता.

"हे तू कापलंस?"

"हो. खूण तुमच्यासारखीच केली."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "काढ बरं."

तिने फळीच्या तुकड्यावर पाय काढला. बाबांनी तिची एकेक रेघ मोजली.

"तुझ्या कोंबडीला तीन बोटं आहेत," ते म्हणाले. "माझ्या कोंबडीला चार." आणि हातातला तुकडा तिच्यासमोर केला. पायाच्या मागे आणखी एक आखूड रेघ होती. जन्मभर पाहिलेल्या खुणेची बोटं तिने कधी मोजली नव्हती.

पेन्सिल त्यांनी परत घेतली, पण कानावर ठेवली नाही.

"आणखी काय काय झाकलंस?"

बाहेर मामा पत्रे उतरवत असल्याचा आवाज येत होता.

"सांग. तो यायच्या आत सांग."

"तुम्ही बसलात ते स्टूल," ती म्हणाली.

बाबांनी खाली वाकून स्टुलाच्या कडेवरून बोट फिरवलं. एका टोकाची खाच सापडली, मग दुसऱ्या टोकाची. ते उठले नाहीत.

"पुढे," ते म्हणाले.