बीट आणि जाड दंडाचा पट्टा

१४ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. ओट्यावर बिटे तीन. आमच्या घरात बिटाचे राज्य सुरू झाले ते त्या दिवशी.

डॉक्टरांनी सांगितले होते की महिनाभर वरचा रक्तदाब १३०च्या आत राहिला तर माझी गोळी अर्धी करू. सूनबाईने ते मनावर घेतले. बिटातल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, दाब थोडा उतरतो, असे तिने मला समजावले. मग कधी किसून लिंबू पिळलेले, कधी सालासकट भाजलेले, कधी गाजराबरोबर रस. उकडले तर ते पाणीही टाकायचे नाही. पालेभाजीकडे ढुंकूनही न पाहणारे आमचे चिरंजीव बीट दुसऱ्यांदा वाढून घेत. बायकोचा धाक, असे मी समजलो.

पंधरवड्यात माझा दाब १४८वरून १२६वर आला. घर खूश झाले. माझी मात्र सारी नोकरी कारखान्यात दाबमापके तपासण्यात गेलेली. काटा मनासारखा बोलू लागला की आधी काट्यावरच संशय घ्यावा, हा तिथला पहिला धडा. बीट गुणकारी खरे, पण एवढे? पाणी कुठेतरी मुरत होते. दाब मोजायचे यंत्र सूनबाईच्या कपाटात असे, आणि माझी गोळी कमी व्हावी ही घाईही तिलाच होती.

“अहो, तुम्हाला आजारही नको आणि बरं होणंही नको,” सौ. म्हणाली.

मी यंत्र पिशवीत घालून दवाखान्यात गेलो. तिथल्या यंत्रावर १४२. लगेच आमच्या यंत्रावर १२६. परिचारिकेने आमच्या यंत्राचा दंडाला बांधायचा पट्टा उलटून पाहिला. तो जाड दंडासाठीचा होता. माझ्या काटकुळ्या दंडावर तो आकडा कमीच दाखवणार, असे ती म्हणाली.

म्हणजे पट्टा कुणीतरी बदलला होता. संध्याकाळी सगळ्यांसमोर मी तो टेबलावर ठेवला आणि सूनबाईकडे पाहिले.

“बाबा, मी फक्त बीट बदलते,” ती शांतपणे म्हणाली. “कधी किसलेलं, कधी भाजलेलं.”

तिच्या नजरेबरोबर माझीही नजर वळली. घरात जाड दंड एकच होता, आणि त्याचा मालक चहात चमचा उगाच फिरवत होता.

“डोकं सारखं दुखायचं,” चिरंजीव अखेर बोलले. “तुम्ही फिरायला गेलात की मोजायचो. जुना पट्टा दंडाला पुरेना, म्हणून हा आणला. काढायचा राहिला.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीस?”

“घरात एकाचा दाब पुरे होता, बाबा. वाटलं, बिटानं उतरेल.”

सूनबाईने बिटाची वाटी त्याच्यापुढून हळूच बाजूला केली. मी त्याला खुर्चीत टेकून बसवले, पावले जमिनीवर, दंड टेबलावर. पाच मिनिटे त्याला तसेच बसू दिले. मग त्याच्या मापाचा पट्टा त्याच्या दंडावर मी स्वतः बांधला आणि बटण दाबले.

वरचा १७८, खालचा १०६.