डावी पापणी

वारझाझातच्या माळावर प्लायवूडचं जेरुसलेम उभं होतं आणि त्याच्या वेशीबाहेर, तिरडीवर, बासू मरून पडला होता. बायबलवरचा सिनेमा आला की त्याला बोलावणं ठरलेलं. तापाने, दगडांनी, रोमन भाल्याने, किती तऱ्हांनी तो मेला होता.

या खेपेचा सिनेमा एका जाडजूड कादंबरीवरून निघाला होता. ती वाचलेली गावात एकटी त्याची मुलगी इत्तो. मराकेशला साहित्य शिकवायची, सुटीला आली होती.

"पुस्तकात मी कसा मरतो गं?" त्याने सकाळी विचारलं होतं.

"सावकाश. तीन पानं लागतात."

"इथे अर्ध्या मिनिटात उरकायचंय."

रडणाऱ्या बायका कमी पडल्या, म्हणून इत्तोलाही काळा झगा चढवून तिरडीशी उभं केलं. तिला रडू येईना.

"रड की गं," ओठ न हलवता बासू पुटपुटला. "पाठ भाजतेय माझी."

दिग्दर्शक दुभाष्याच्या कानाशी लागला. दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, हिचं कुणी गेलंय असं वाटत नाही. मागे जा." प्लास्टरच्या थडग्यापर्यंत इत्तो सगळ्यांच्या मागून चालत गेली.

संध्याकाळी चहा ओतताना बासूने विचारलं, "कसा होतो?"

"डावी पापणी हलली."

"साहेब तर काही बोलले नाहीत."

"त्यांचं लक्ष नव्हतं."

बासू रुसला. मग आरसा घेऊन सरावाला बसला.

"डोळे मिटून आरशात काय दिसणार, दादा?" तूदा आत्या म्हणाली.

"मेलेल्या माणसाशी वाद घालू नकोस."

सकाळी तो अंगणात चटईवर उताणा होता, डोळे मिटून. इत्तोने हसू दाबलं आणि डाव्या पापणीवर नजर ठेवून उभी राहिली. हातातला चहा निवला, तरी ती उभीच होती.

दुपारच्या नमाजानंतर पुरुष जनाजा घेऊन गेले. बायका दारापर्यंतच. बापाच्या मागून ती चालली होती ती फक्त आदल्या दिवशी, प्लास्टरच्या थडग्यापर्यंत.

"मोठ्याने रडू नकोस, त्याला त्रास होईल," आत्या म्हणाली. इत्तो हळूही रडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी बायका कबरीवर गेल्या. आत्या पाव आणि सुके अंजीर वाटत होती. इत्तो मातीच्या ढिगाशी बसली.

"बाबा," आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "पापणी हलली नव्हती. तुम्ही इतके खरे वाटत होतात, की रडायचा मला धीरच झाला नाही."