हिरव्या काठाची गाठ

गावात कचऱ्यावर बोलायचं म्हटलं की लोक मलाच पुढं करायचे. मी बारावी शिकलेली, बचत गटाची अध्यक्ष, आणि तोंडानं फाटकी. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, प्लॅस्टिक उकिरड्यावर टाकायचं नाही, हे मी ग्रामसभेत इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या सासूबाई बजाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, मला 'घंटागाडी' म्हणायच्या, आणि ते नाव गावातही पसरलं होतं. "आली बघा घंटागाडी," म्हणत त्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद पदराखाली लपवायच्या. मीही कमी नव्हते. तो कागद पदराखालून ओढून काढायचे आणि त्यांच्यासमोर पोत्यात टाकायचे.

आमचं गाव माळशिरस तालुक्याच्या कोरड्या बाजूला. तिकडं अकलूजला पाटाचं पाणी आणि ऊस, आमच्याकडं मुरमाड रान आणि ज्वारीचं एक पीक. तेही येतं ते तात्याबा धनगराच्या मेंढरांमुळं. ज्वारी निघाली की तात्याबा आणि त्याची बायको फुलाबाई शे-सव्वाशे मेंढरं घेऊन येतात, रानात वाघर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि एकेकाच्या शेतात चार-पाच रात्री मेंढरं बसवतात. लेंडीमुतानं रान तयार होतं. शेतकरी त्यांना ज्वारी देतो. तात्याबाच्या बापापासून हे चालत आलंय, आणि वाघर पहिली आमच्या रानात लागायची, हा मान ठरलेला.

दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या पोरीचं बारसं आमच्या घरी झालं. जेवण उरलं. नेमकी त्याच आठवड्यात कचरा नेणाऱ्या कुंडलिकची घंटागाडी बिघडून माळशिरसला दुरुस्तीला गेलेली. तिसऱ्या दिवशी भात आंबून घरात वास सुटला, पाहुणे नाकाला पदर लावायला लागले. मी सगळं एका कॅरीबॅगमध्ये भरलं. कुत्र्यांनी पसरू नये म्हणून आत्यांच्या जुन्या हिरव्या साडीचा काठ फाडून पिशवीच्या तोंडाला दुहेरी गाठ मारली आणि पिशवी रानाकडेच्या आमच्या उकिरड्यावर नेऊन ठेवली. तात्पुरती. गाडी आली की उचलून देऊ, असं मनात म्हटलं. आमच्या गावातली निम्मी घाण अशी तात्पुरतीच पडलेली असते.

दोन दिवसांनी आमच्या रानात वाघर लागली. नंतर बघितलं तर पिशवी नव्हती. कुंडलिकनं नेली असेल, असं धरून चालले. त्याला विचारलं मात्र नाही.

पुढं आठ-दहा दिवसांत फुलाबाईची एक मेंढी आजारी पडली. टिकली तिचं नाव. आई मेल्यावर फुलाबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. टिकलीनं रवंथ करायचं सोडलं, पोट टम्म फुगलं, डॉक्टर येऊन सुई देऊन गेले, तरी ती गेली. गाभण होती. तात्याबानं तिचं पोट फाडून बघितलं आणि जे निघालं ते घेऊन सकाळी तडक मारुतीच्या पारावर आला.

नारळाएवढा प्लॅस्टिकचा गोळा होता. त्यानं तो फरशीवर टाकला. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, सगळं एकमेकांत पीळ पडून बसलेलं. आणि सगळ्यांत वर एका कॅरीबॅगचं तोंड, त्याला हिरवा काठ, काठाला दुहेरी गाठ. ती गाठ मी लांबूनच ओळखली.

"ही पिशवी हाटेलातली दिसती," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. झालं. सगळ्यांच्या माना बाळासोकडं वळल्या. बाळासोचं चहा-भज्यांचं हॉटेल स्टँडवर आहे. कागद-पिशव्या मागच्या ओढ्यात ढकलतो म्हणून मीच त्याला भर सभेत दोनदा झापलं होतं.

"माझी न्हाय ओ ही," बाळासो म्हणाला. "मी कशाला हिरव्या काठानं बांदू? माझ्याकडं रबर हायती."

"चोराच्या उलट्या बोंबा," एक जण म्हणाला. "भरून दे मेंढीचं."

तात्याबानं हात वर केला. उंच, वाळलेला माणूस, कधी आवाज चढवत नाही. "मला भरपाई नगं. कुणाची हाय तेबी मी इचारत न्हाय. पर ह्या गावात आता मेंढरं बसवायची न्हाईत. उद्या वाघर काडतो."

खरं तर तिथंच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. तोंडानं फाटकी बाई, ओठ शिवल्यासारखी उभी राहिले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी दुसऱ्यांना कितीदा ऐकवलं होतं. आता ते माझ्यावरच आलं होतं, आणि मला माझीच लाज वाटत होती.

घरी आले तर आत्या चुलीपुढं बसलेल्या. त्याही पारावर होत्या. मला वाटलं, आता ही बाई माझ्या लग्नापासूनचं सात वर्षांचं उट्टं काढणार.

"काट माझ्या लुगड्याचा हाय," त्या हळूच म्हणाल्या.

"व्हय, आत्या. मीच बांधली ती पिशवी."

"गप ऱ्हा मग. कुणाला कळतंय? तुझी अब्रू जाईल, घराची जाईल." आणि चुलीत लाकूड सारत, "बाळासोला काय, आज बोलत्याली, उद्या ईसरत्याली."

त्या मला टोमणा मारतील तर बरं, असं मला त्या वेळी वाटलं. पदराखाली कागद लपवणारी सासू आता मला पदराखाली घेत होती, आणि मला तिथं राहवत नव्हतं. दुपारी पोरं सांगत आली की बाळासोच्या हॉटेलात कुणी चहाला फिरकलं नाही. त्याची बायको भज्यांची परात झाकून नुसती बसून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबा रानात वाघर गुंडाळत होता. चार माणसं त्याची मनधरणी करत होती. बाळासोही आला होता, पण कुणी त्याच्या शेजारी उभं राहत नव्हतं. मी गेले. आत्या मागून "अंकिता, अगं थांब की," म्हणत येत होत्या.

"तात्या," मी म्हणाले, "बाळासो भाऊजींची काही चूक नाही. ती गाठ माझी. बारशाचा भात मी बांधून उकिरड्यावर ठेवला होता."

मग एक जण हसला. "घंटागाडीनंच घाण टाकली व्हय?" त्या हसण्यानं जेवढं लागलं तेवढं कुणी शिव्या दिल्या असत्या तर लागलं नसतं. फुलाबाईनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती खुंट्या उपटत राहिली. तात्याबा एवढंच म्हणाला, "सांगितलंस ते बरं झालं, पोरी." आणि दुपारच्या आत मेंढरं गावाबाहेर गेली.

एवढं सगळं झाल्यावर मी लगेच सुधारणेला लागले, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पंधरा दिवस मी घराबाहेर पडले नाही. मला बाहेर काढलं ते बाळासोनं. एक दिवस तो दारात वाळू चाळायची मोठी चाळण घेऊन उभा. "वहिनी, ओढ्यातल्या पिशव्या माझ्याच हायती, ते काय खोटं न्हाय," तो म्हणाला. "ही घ्या चाळण. उकिरडं चाळून काडू. तुमी म्होरं व्हा. आता तुमचं ऐकतील. आदी तुमी बोलायचा तवा आमाला राग यायचा."

मग बचत गटाच्या बायकांनी एकेक उकिरडा उपसला. खत एका बाजूला, प्लॅस्टिक एका बाजूला. पहिला आमचाच काढला. त्यातून काय काय निघालं ते सांगायची सोय नाही. चप्पल, सलाइनच्या बाटल्या, आणि आत्यांनी वर्षानुवर्षं माझ्यापासून लपवलेले बिस्किटाचे कागद. "बगू नगंस," म्हणत आत्या स्वतःच ते वेचत होत्या. कुंडलिकनं भरलेली पोती अकलूजच्या भंगारवाल्याकडं पोचवली, आणि घरोघरी खुंटीला एक पोतं टांगलं गेलं. गाडी चार दिवस येवो न येवो, प्लॅस्टिक त्या पोत्यातच थांबणार. उकिरड्यावर फक्त शेण, राख आणि पालापाचोळा. काही घरं अजूनही चोरून टाकतात. आम्ही जातो, भांडतो, चहा पिऊन येतो.

पहिल्या वर्षी तात्याबा आला नाही. ज्वारीची कणसं बोटाएवढी राहिली. मीच दोनदा त्याच्या वस्तीवर जाऊन आले. फुलाबाईनं पाणी दिलं, बोलली नाही.

यंदा ज्वारी निघाल्यावर एका सकाळी दोघंही मेंढरांसकट आमच्या बांधावर येऊन उभे राहिले. बघता बघता निम्मं गाव जमलं. आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. तात्याबा मेंढरं आत सोडेना.

"पोरी," तो म्हणाला, "आदी तू चाल. ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर. मग आमी येतो."

मी चप्पल काढून रानात उतरले. धसकटं पायाला टोचत होती, मी ढेकळं उलटत होते. सगळं स्वच्छ. मध्यावर आले तर एका ढेकळाखाली शाम्पूची पुडी होती. मातकट, रिकामी. मी वाकलेली, पाठ लोकांकडं. मूठ मिटली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. दोन वर्षांचे कष्ट, बायकांची फुटलेली बोटं, गावाचं रान, सगळं त्या मुठीत होतं.

मी पुडी घेऊन सरळ तात्याबाकडं गेले आणि हात उघडला. "एक सापडली, तात्या." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागं कुणीतरी "अरारा" म्हणालं.

तात्याबानं पुडीकडं बघितलं, मग फुलाबाईकडं. फुलाबाई पुढं आली. दोन वर्षांत माझ्याशी न बोललेल्या त्या बाईनं पुडी माझ्या हातातून उचलली आणि आपल्या कनवटीला खोचली.

"आता निम्मं रान ऱ्हायलंय," ती म्हणाली. "चल, मीबी येते संगं."