बिनमिठाचं पातेलं

सभागृह खच्चून भरलं होतं आणि कोणीही खोकत नव्हतं. चमत्कार तो हाच. खोकून खोकून शेजाऱ्यांची झोप उडवणारी ही माणसं चिमटीबाबाची राखाडी भुकटी खाऊन गप्प झाली होती. खोकल्यासोबत अन्नाची चवही जायची, पण बाबाने तीही जमेच्या बाजूला मांडली होती.

"खोकला म्हणजे काय, बाळांनो? घशात अडकलेली जिभेची वासना. चव गेली, म्हणजे तुम्ही अर्धे संन्यासी."

उरलेला अर्धा संन्यास पुढच्या पुडीत असे.

इस्पितळाच्या भटारखान्यातला आचारीही हीच भुकटी घ्यायचा, पण या संन्यासाला विटला होता. त्याचा जुनाट खोकला गेला होता खरा. पण मूत्रपिंडाच्या रोग्यांचं बिनमिठाचं पातेलं तो चमच्याने चाखूनच वेगळं ओळखायचा. एके दिवशी पातेल्यांची अदलाबदल झाली. संध्याकाळी मिठाचं जेवण गेलेल्या एका म्हाताऱ्या रोग्याला धाप लागली.

म्हातारा सावरल्यावर डॉक्टरीणबाई भटारखान्यात येऊन स्टुलावर टेकल्या. "दादा, चाखलं नव्हतं?"

"चाखलं की."

"काय लागलं?"

"काही नाही."

"आणि दुसऱ्या पातेल्यातलं?"

आचारी खाली बघत म्हणाला, "तेही काही नाही."

मग त्याच्या खिशातून पुडी निघाली. "औषध नाही हो बाई. कृपा आहे."

बाईंनी भुकटी कागदावर पसरली. राखेत गुलाबी कण होते. "कृपेला गोळीचं टरफल असतं होय?" त्या थकून हसल्या. "आपल्या एका जनुकात एका प्रथिनाचा आराखडा असतो. ते घशातल्या मज्जातंतूंवर घंटेसारखं बसतं. पेशी दुखावल्या की त्यांतून एक रसायन सांडतं, घंटा वाजते, खोकला येतो. ही घंटा बंद करणारी एक गोळी मिळते. पण तीच घंटा जिभेकडून चवीचा निरोपही नेते."

"म्हणजे वासना..."

"जागच्या जागी आहे. निरोप पोचत नाही, इतकंच. ही तीच गोळी वाटते. भुकटी बंद करून बघा. संन्यास खरा असेल तर चव परतायची नाही. तोवर दुसऱ्याला चाखू द्या."

"आणि खोकला?"

"येईल. तेव्हा माझ्याकडे या, मापून काय देता येतं ते बघू."

आठवड्याच्या आत मीठ परतलं. खोकलाही. आचारी बाबाच्या सभागृहात उभा राहून आधी पोटभर खोकला. बाबा कळवळला, "अरेरे, वासना परतली."

"मीठ परतलं, बाबा. यात कुठली गोळी कुटता, किती, तेवढं सांगा. माझ्या हातून एक माणूस जाता जाता राहिला."

बाबाने डोळे मिटले. दोघाचौघांनी पुड्या खाली ठेवल्या. बाकीच्यांनी आचाऱ्यालाच गप्प बसवलं. नेहमी असंच होतं.

त्यांचंही चुकत नव्हतं, गुण आलाच होता. पण गुण आला म्हणून देणारा खरा ठरत नाही. पुडी तोंडात टाकण्याआधी विचारा: यात काय आहे, किती आहे, आणि हे आणखी काय बंद पाडतं? उत्तराऐवजी कोणी डोळे मिटले, तर आपण आपले उघडे ठेवावेत.