तोंडाची टकळी

"हाच ना रे तुझा शेठ? हाच ना?" गल्लीतला पंप दुरुस्त करणारा पंपवाला पेपर नाचवत दुकानात घुसला तो थेट खुर्चीपाशी. खुर्चीत गिऱ्हाईक, गालाला साबण, आणि रेडिओकाकांच्या हातात उघडा वस्तरा. दुसरा कुणी असता तर दचकला असता, पण काकांनी आधी वस्तरा मिटला, मग चष्मा वर केला, मग फोटो बघितला.

"हाच. आणि बघ, कल्ले कसे सारखे आलेत फोटोत. माझा हात आहे तो!"

"कल्ल्यांना घाल चुलीत! खाली वाच. शहर पुनर्विकास मंडळावर घेतलंय त्याला. मंडळ! आपली गल्ली पाडायची की नाही ते ठरवणारं मंडळ!"

आता तुम्हाला सांगायला हवं, या रेडिओकाकांचं तोंड झोपेतच काय ते बंद असायचं, म्हणून तर ते नाव. पण ती नुसती बडबड नव्हती हं, धंद्याची रीत होती. त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. गळ्यावर वस्तरा असताना गिऱ्हाईक हलता कामा नये, तर काय करायचं? बोलत राहायचं. आणि काय बोलायचं? त्याचं दुःख उकरायचं नाही, आपलं रडगाणं गायचं. दुसऱ्याची रड ऐकताना माणूस कसा मजेत गप्प बसतो! मग काका राईचा पर्वत करायचे. उंदीर म्हणजे मांजराएवढे. छत म्हणजे चाळणी. नळ म्हणजे रुसलेला जावई, येईल तेव्हा येईल. सगळी गल्ली हसायची, कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की यातलं पावशेरही खरं नाही.

आणि हा शेठ म्हणजे नळाच्या तोट्यांच्या कारखान्याचा मालक. दर रविवारी सकाळी काका त्याच्या बंगल्यावर दाढी करायला जायचे, वर्षानुवर्षं.

मग काय, संध्याकाळपर्यंत दुकानात सगळी गल्ली गोळा. शिवणवाली ताई तर मशीन तसंच सोडून आली, गळ्यात टेप, ओठांत टाचणी.

"भावजी, तुमच्या हातात त्याची मान असते, मान! कुणाची हिंमत होईल नाही म्हणायची?" टाचणी काढत ती म्हणाली. केवढे हसले सगळे!

"फक्त एवढंच म्हण," पंपवाला म्हणाला, "दुरुस्ती करा, पण पाडू नका. आमचे धंदे आहेत इथे. दुसरीकडे कोण ओळखतंय आम्हाला?"

काका छाती फुगवून म्हणाले, "झालंच समजा."

रात्री जेवताना काकू म्हणाली, "अहो, उगाच शब्द देऊन बसलात. त्यानं नाही ऐकलं तर?"

"माझं? मी बोलायला लागलो की भिंतसुद्धा ऐकते."

"ते खरंय, भिंतीला पळता येत नाही ना," काकू म्हणाली आणि त्यांना आणखी वाढलं.

रविवार आला. व्हरांड्यात शेठ खुर्चीत मान मागे टाकून बसला, काकांनी फेस काढला. आज मात्र काका नुसता फेसच घोटत राहिले. सुरुवात कुठून करावी? तेवढ्यात शेठच म्हणाला, "काय रे, आज गप्पसा? बरं, तुझ्यासाठी एक आनंदाची बातमी आहे."

"सांगा ना साहेब."

"मंडळाची पहिली बैठक झाली. नकाशे काय, अहवाल काय, नुसती कागदांची रद्दी. मी उठलो आणि म्हणालो, ते राहू द्या. माझी दाढी करणारा माणूस कसा राहतो ते ऐका. आणि तुझं सगळं सांगितलं बघ! उंदीर, छत, नळ. त्या गटाराचंसुद्धा, तुझी बायको नाकाला पदर लावून स्वयंपाक करते ते. सगळे सुन्न झाले. अध्यक्षबाई तर डोळे पुसत होत्या. तिथल्या तिथे ठराव झाला. सगळ्यात आधी तुमची गल्ली पाडायची."

वस्तरा शेठच्या हनुवटीखाली होता. तो हलला नाही हो! हात शहाणाच होता, जिभेनं घात केला होता.

"साहेब," काका कसेबसे म्हणाले, "उंदीर... एवढे मोठे नाहीत."

शेठ खो खो हसला. "अरे, आता लाजतोस काय?"

"नाही साहेब, खरंच. छतही तसं नाही गळत. ते मी आपलं असंच... बोलायचं म्हणून बोलायचो. तुम्ही हलू नये म्हणून."

"हे बघ, तुम्हा लोकांचं हेच चुकतं. सुख दारात आलं की घाबरता. टेकडीपलीकडे नव्या इमारती होतायत. लिफ्ट आहे, दिवसभर पाणी आहे. तोट्यासुद्धा माझ्याच!"

"आणि आमची दुकानं?"

"बघू ना. मी आहे ना तिथे." शेठनं आरशात दोन्ही कल्ले बघितले. "वा! हात आहे बुवा तुझा."

वाईट तेच होतं ना! माणूस वाईट असता तर काकांना चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्यानं तर यांच्यासाठीच केलं होतं सगळं.

काका परतले तर गल्लीच्या तोंडाशी सगळे उभे. खोटं बोलता आलं असतं काकांना. "बघतो म्हणाला" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जन्मभर फुगवून सांगणाऱ्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा, जे झालं ते, जेवढ्यास तेवढं सांगितलं.

कुणी ओरडलंच नाही. ताईनं फक्त विचारलं, "भावजी, माझ्या घरात कधी उंदीर बघितलात का हो तुम्ही?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. पंपवाला खाली मान घालून निघून गेला.

घरात काकू छताकडे बघत बसली होती.

"एकदाच गळलं होतं हो," ती म्हणाली. "मी एक पातेलं ठेवलं होतं. एकच."

काका भिंतीला टेकून उभे राहिले.

मग दुकान रिकामं पडायला लागलं. लोक समोरून जायचे, पण कोपऱ्यावरच्या दुसऱ्याकडे दाढी करायचे. काका रोज खुर्ची पुसायचे, आरसा पुसायचे, परत खुर्ची पुसायचे. हळूहळू घरं हलायला लागली. आज याचं कपाट बाहेर, उद्या त्याचा पलंग. ताई गेली ती निरोपसुद्धा न घेता.

आणि मग पंपवाल्याचा टेम्पो लागला. सामान चढलं. तो टेम्पोपाशी गेला, थांबला, वळला आणि दुकानात येऊन धपकन खुर्चीत बसला.

"कर बाबा दाढी. तिकडे कोण कसा भेटेल काय माहीत."

काकांनी टॉवेल लावला, फेस काढला, लावला. वस्तऱ्याला धार दिली.

"बोल की रे काहीतरी," पंपवाला म्हणाला.

काकांनी तोंड उघडलं. मिटलं. मान हलवली.

"बरं, मग मी बोलतो." आणि तो बोलायला लागला, समोर आरशात बघत. "दुपारी दोन्ही दारं उघडी टाकली ना, की माझ्या घरात काय वारा यायचा! पंखा लागायचा नाही. आणि आई आजारी होती तेव्हा ताई मशीन चालवायची नाही, आईला झोप लागावी म्हणून. हातानं शिवायची पोरगी. आणि तुझं हसणं पार माझ्या माळ्यापर्यंत ऐकू यायचं, माहितीये?"

तो बोलत होता, तशी मान हलत होती, हनुवटी हलत होती. अशानं वस्तरा लागतो. काकांनी त्याला गप्प बस म्हटलं नाही. वस्तरा हातात धरून ते बाजूला उभे राहिले, आणि पंपवाला सांगत राहिला, आणि त्याच्या गालावरचा फेस वाळत गेला.