दगडफुलाचा कौल

गोकुळदासांनी राखणदाराच्या दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, हें आमच्या चंद्रावतीचें चेडूं. तुज्या आंगावयलें फूल इल्लें खरवडूंक मागता. राजी आसशी तर उजवी दी!"

उजवी पाकळी गळून पडली, कौल मिळाला. सुविधाचा जीव भांड्यात पडला.

दगडफुलाला कुणी शेवाळ म्हटलं की ती चवताळायची. लाटंबार्से गावातल्या या पानासारख्या पसरणाऱ्या दगडफुलामागे ती कॉलेज संपल्यापासून लागली होती. बाकी लक्षणं तपासून झाली होती, राहिला होता तो ब्लीचच्या पाण्याचा थेंब. आतला पांढरा गर लाल झाला, तर जात जुनीच, कुणीतरी केव्हाच नाव दिलेली. पांढराच राहिला तर नवी, आणि तिच्या नावात लाटंबार्से! आईनं, चंद्रावतीनं, ते नाव वाडाभर सांगूनही टाकलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

सुविधानं पापुद्रा खरवडला आणि थेंब सोडला. गर लालभडक झाला.

तिची मान खाली गेली. मागे मात्र एकच गलका उठला.

"राखणदारान कुंकू दिलें!" गोकुळदासांनी लोटांगणच घातलं.

"आये, ही जुनीच गो," सुविधा पुटपुटली. आई हात जोडून उभी होती, तिला कुठलं ऐकू जायला.

गोकुळदास उठले. "माज्या बायलेन पळोवंक ना. तिका दाखय."

त्यांची बायको दगडाच्या मागच्या, सावलीतल्या बाजूला उभी होती. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? इकडचं दगडफूल तिकडच्यासारखंच दिसायचं, म्हणून सुविधानं ते कधी वेगळं तपासलंच नव्हतं. तिनं मुकाट्यानं खरवडलं, थेंब टाकला.

पांढरं. आणखी एक थेंब. पांढरंच.

जोडलेले हात एकेक करून खाली आले.

"कितें चुकलें गो आमचें?" गोकुळदासांच्या बायकोचा चेहरा पार उतरला.

सुविधाला दगडावर चढून नाचावंसं वाटत होतं. इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. तिनं घाईघाईनं रुमाल तोंडावर दाबला, तरी खांदे हलायचे थांबेनात.

गोकुळदासांचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडूं नाका गो बाय. राखणदार आपलोच. तांबडें जाय पर्यांत सगळो गांव मेळून गाऱ्हाणें घालूया."